वाया गेलेली झेरॉक्स

दहिवडीला तहसील कचेरीसमोर माझं दुकान.
आठ बाय दहाची खोली, एक मशीन,
भिंतीला निळा पडदा, त्याच्यापुढं स्टूल.
आठ फोटो चाळीस रुपये.
हसू नका. मान सरळ.
पदर मागं घ्या मावशी, सरकारला कान लागतात.

गेनबा भांडलकर आले ते मार्च एंडच्या गर्दीत.
कार्डाच्या दोन प्रती.
पहिली काळी निघाली,
टोनर संपत आला की निघते तशी.
चेहऱ्याच्या जागी नुसता डाग, आकडे मात्र स्वच्छ.
ती मी टेबलाखालच्या खोक्यात टाकली.

"ती बी द्या."
"वाया गेली बाबा. तिचे पैसे नाही धरले."
"पैशाचं न्हाई. माझी हाय ती."

लाइनीतलं कोणीतरी हसलं. मीही.
म्हातारा हलेना.
स्टुलावर बसला, फोटो काढायचा असावा तसा ताठ,
आणि पडद्याकडं पाठ करून बोलत राहिला,
मला असं नाही, कुणालाच असं नाही:
रामोशी म्हणून बापाला रोज चावडीवर हजेरी.
दिवेलागणीला एकदा, मध्यरात्री एकदा.
चोरी कुठं का होईना, आधी वहीतली नावं.
बहिणीच्या गावाला जायचं तर पाटलाची चिठ्ठी,
पोचल्यावर ती तिथल्या पाटलाच्या हातात.
"अंगठ्याची शाई वाळायची न्हाई बापाच्या.
भाकरीला लागायची."

मी खोक्यात हात घातला. प्रत काढून दिली.
त्यांनी चार घड्या घातल्या,
पिशवीत नाही, बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

माझा दीर पोलिसात आहे, म्हसवडला.
तो म्हणतो, ज्यानं काही केलं नाही
त्यानं भ्यायचं कशाला?
खोटं कसं म्हणू?
सासूबाईंच्या नावावर तीन वर्षं
दुसरीच कोणी पैसे उचलत होती;
कार्ड जोडलं, बोट लावलं, तेव्हा कुठं थांबलं.
बोलता बोलता दीर आपला मोबाइल
टेबलावर पालथा ठेवतो.

गोठ्यात गाईच्या कानाला पिवळा बिल्ला आहे.
त्यावरही बाराच आकडे.
आठवडाभर कान झटकत होती.
मग विसरली.

खोकं महिन्याला भरतं.
रद्दीवाला येतो, काट्यावर टाकतो, चौदा रुपये किलो.
मी कधी वर बघितलं नव्हतं, तो कुठं नेतो.

यात्रेत दहाचे फुटाणे घेतले.
अर्धे खाऊन झाले तेव्हा पुडीतून
एक बाई माझ्याकडं बघत होती.
नाव. जन्मसाल. अमक्याची पत्नी.
मारुतीच्या देवळामागं, तिसरी गल्ली.
खाली मोबाइल नंबर, निळ्या पेनानं,
माझ्याच अक्षरात.
तिच्या कपाळाला मीठ चिकटलं होतं.
ते मी बोटानं पुसलं, आणि कुणी बघितलं का ते बघितलं.

फुटाणेवाल्याच्या पाटीत तसल्याच पुड्या,
एकात एक खोचलेल्या, पन्नास-साठ.
गर्दी होती. लाउडस्पीकर होता.
काही मागायला तोंड उघडलं
आणि "अजून पाचचे द्या" म्हणाले.

हल्ली वाया गेलेली प्रत
मी ज्याची त्याला परत देते.
"हे काय करू?" विचारतात.
सांगायला जावं तर मागं लाइन असते.
बहुतेक जण पायरी उतरता उतरता
गटाराच्या कडेला टाकून देतात,
उसाच्या चोथ्यात, तिकिटांत.

संध्याकाळी शटर ओढायच्या आधी
मी वाकून एकेक उचलते.
ओली, चुरगळलेली, कुणाच्या तरी चपलेची.
चेहरे लागत नाहीत.
कान दिसतात.